नळ म्यूट करा

स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाशी थेंब आधी फुगे, मग लांबट होई, क्षणभर थरथरे आणि खालच्या पातेल्यात पडे. त्याची दखल कोणी घेत नसे. पुढे चिरंजीवांना घरून काम करण्याची परवानगी मिळाली आणि तो थेंब कार्यालयीन कामकाजात भाग घेऊ लागला.

परवानगीची अट एकच होती : घरात शांतता. चिरंजीवांना ती परवानगी प्राणाहून प्रिय होती, कारण जेवणानंतरची झोप तिच्यातच अंतर्भूत होती. त्यामुळे बैठक चालू असताना आई कुकर लावत नसे, भांडी टॉवेलावर ठेवून घासत असे आणि खोकला आला तर न्हाणीघरात जाऊन खोकत असे.

"मी काय म्हणते—" ती अधूनमधून सुरू करी.

"आई, बैठक!"

वाक्य तिथेच प्रलंबित राही.

"ही टकटक कसली?" साहेबांनी एकदा विचारलं.

"घड्याळ, साहेब."

पंधरवड्यात गळती वाढली.

"तुमचं घड्याळ फार पुढे पळतंय," साहेब म्हणाले. "पुन्हा ऐकू आलं तर परवानगी रद्द."

चिरंजीवांनी घाईघाईने प्लंबरला फोन लावला.

"येणं नाही जमायचं," प्लंबर म्हणाला. "आम्हीही आता घरूनच करतो. चप्पल झिजत नाही. नळ जरा कॅमेऱ्यासमोर आणा."

"अहो, नळ भिंतीत आहे!"

"मग तूर्तास म्यूट करा. उद्या अकराला बघू."

अकराला साहेबांचीही बैठक होती. चिरंजीवांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हातात पाना.

"मी काय म्हणते, आधी—"

"आई, दोन-दोन बैठका आहेत गं!"

"डावीकडे फिरवा," प्लंबर म्हणाला. "तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे. बिनधास्त."

नळ हातात आला. धार थेट छताला लागली.

"घड्याळ फुटलं का?" साहेबांनी विचारलं.

"किरकोळ तांत्रिक अडचण, साहेब," चिरंजीव ओट्यावर चढत म्हणाले. प्लंबरने 'काम पूर्ण' असा शेरा मारून पाच तारे मागितले. मग अग्निशामक दलाला फोन लावला, तर त्यांनी घटनास्थळाचा फोटो मागवला. तो स्पष्ट आणि कोरडा असावा, अशी सूचना होती.

आई घोटाभर पाण्यातून शांतपणे बाहेर गेली आणि तिने मुख्य कॉक बंद केला. घरात प्रथमच नियमानुसार शांतता पसरली.

त्या शांततेत साहेब खाकरले. "आता तो कधीचा लांबलेला विषय. कार्यालय ओस पडलंय, खुर्च्यांवर कबुतरं बसतात. परत कोण कोण येणार?"

पडद्यावरच्या चौकटी एकेक करून काळ्या झाल्या. घरून काम करण्याचे फायदे सर्वांना पटलेले होते. तुम्हालाही पटले असतील. तुमच्याही घरी कोणीतरी न्हाणीघरात जाऊन खोकत असेल.

आई हात पुसत लॅपटॉपसमोर आली.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, आणि चिरंजीव ओट्यावरून उतरेपर्यंत तिने वाक्य पूर्ण केलं, "चाळीस वर्षं मी घरूनच काम करतेय, साहेब. उद्यापासून मी येते ऑफिसला."