पाटा सेलूला, वरवंटा सावंगीला

वत्सलाकाकूंच्या घरी आम्ही भाड्यानं राहायला आलो आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडे कोणीतरी वारलं. म्हणजे मला तसं वाटलं. दुपारी मेसवरून पोळ्या लाटून आले तर काकू ओट्यावर बसलेल्या. पदर डोळ्याला, गॅस बंद, सकाळचा चहासुद्धा पातेल्यात तसाच.

"गेला वं सरदार," मला बघून त्या म्हणाल्या. "पाठीत वार केला मेल्यायनं."

कोकणातून इतक्या लांब सावंगीला येऊन पडलेली मी. नवरा इस्पितळात वॉर्डबॉय, तो ड्युटीवर. ओळखीचं कुत्रंही नाही आणि इथं खून! आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात. मला तेवढंच सुचलं. पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, ताट झाकून नेलं आणि खाली मान घालून बसले.

काकू शांतपणे जेवल्या. "मीठ कमी हाये. पन बरं केलं आनलं तू."

"त्यांच्या घरची माणसं आली का?" मी हळूच विचारलं.

"घरचं कोन राह्यलं आता? सातव्या पुस्तकातच सारे मारले ना."

अशी माझी आणि त्या कादंबरीची ओळख झाली. बारा जाडजूड पुस्तकं, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं. त्यात हेमगडची राणी कनकप्रभा, तिच्यावर जीव टाकणारा सरदार विक्रांत आणि दोघांच्या वाईटावर असलेला दिवाण भुजंगराव. राणी दर पुस्तकात एकदा पळून जाते, सरदार दर पुस्तकात एकदा जखमी होतो. नवव्यात बिचारा मेलाच.

काकूंचा सगळा संसार त्या बारा पुस्तकांच्या मापानं चालायचा. दुधात पाणी घालणारा गवळी म्हणजे "पक्का भुजंगराव." लाइट गेली की "किल्ल्याले वेढा पडला." माझा नवरा महिनाभर नाइट ड्युटी करून आला तर त्याला म्हणाल्या, "ये बाप्पा विक्रांत, चहा घे." त्यानं रात्री मला विचारलं, विक्रांत कोण? मी म्हटलं, मेलेला माणूस आहे. तो दोन दिवस चहाला गेला नाही.

मी सातवी शिकलेली. वर्तमानपत्रसुद्धा बोट ठेवून वाचते. त्यामुळे काकूंचं कुठलं बोलणं घरातलं आणि कुठलं हेमगडचं, हे मला कधीच धड कळलं नाही. विचारायची भीती वाटायची. काकूंचे उपकार होते. आम्हा परक्या माणसांना दहा ठिकाणी नकार मिळाल्यावर त्यांनी खोली दिली होती. "घरची म्हनजो, भाडोत्री म्हनू नको सोताले," असंही सांगितलं होतं. माझ्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, तर टेकण म्हणून स्वतःच्या स्वयंपाकघरातला दगडी वरवंटाही आणून दिला.

"आणि पाटा?" मी विचारलं.

"पाटा सेलूले."

पाटा तिकडे का, ते मला नंतर गल्लीत कळलं. काकूंची धाकटी जाऊ बेबीबाई, ती सेलूच्या किराणा दुकानाच्या घरात राहते. वाटण्या झाल्या तेव्हा दुकान, घर, दागिने सगळं गोडीत झालं. भांडण झालं ते सासूच्या पाट्यावरून. त्यावर वाटलेलं पुरण दोघींना हवं. शेवटी पाटा सेलूला राहिला, काकू रागानं वरवंटा पिशवीत घालून एसटीत बसल्या. दोघींकडेही आता मिक्सर आहे. पण तेव्हापासून जावाजावा एकमेकींच्या उंबऱ्यावर गेल्या नाहीत की एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता गंमत बघा. हे ऐकलं आणि मी चक्रावलेच, कारण काकू रोज दुपारी सेलूला फोन करायच्या! स्पीकर लावून, माझ्यासमोर.

तो फोन असा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. काकू म्हणणार, "ऐक." तिकडून आवाज येणार, "वाच." मग काकू पुस्तक उघडून वाचणार. हे बोलणं नव्हतंच मुळी. हे वाचन. आधीपासून दोघी मिळून वाचायच्या, भांडणानं तेवढं काही तुटलं नाही. राणीचं भांडण थोडंच होतं कोणाशी?

पण त्या वाचनात मी पार गोंधळून जायचे. राणी घोड्यावरून पळत असायची आणि मध्येच बेबीबाई विचारायच्या, "रानीचे गुडघे कसे हायेत?"

काकू पुस्तकात बघत, "दुखून राह्यले. जिना चढवत नाई."

जंगलात जिना कुठून आला, मी विचार करत बसायचे.

"अन् रानीचं पोट्टं?"

"दूर मुलखात गेलं नोकरीले. दिवाळीले येतो म्हनलं होतं, आलं नाई."

राणीचं तर लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मी मनात म्हणायचे, शिकलेल्या लोकांची पुस्तकं अशीच असतील.

पोळा जवळ आला आणि काकूंचा घसा बसला. साधा नाही, तापही आला. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. दोन दुपारी फोन झाला नाही. काकू जेवेनात. फोनकडे बघत ओट्यावर बसून राहायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बारावं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, सेलूला फोन लावला आणि मला खूण केली. वाच.

मी खूण घातलेलं पान उघडलं. ते शेवटचं पान होतं. राणी पुतण्याला गादी देऊन एकटीच नदीकाठी बसली, आणि खाली 'समाप्त.' मी मागची दोन-चार पानं बोट फिरवत चाळली. गुडघे नाहीत, जिना नाही, पोरगा नाही. म्हणजे कादंबरी केव्हाच संपली होती. काकू इतके दिवस संपलेल्या पुस्तकातून वाचत होत्या.

मी वर बघितलं. काकूंनी हात जोडले होते.

"ऐक काऊन नाई म्हनत? कोन हाये वं?" स्पीकरमधून आवाज.

"भाडोत्री... घरची," मी म्हटलं. "ऐका."

"वाच."

जिला लिहिलेलं धड वाचता येत नाही तिनं न लिहिलेलं काय वाचायचं? मी पानावर बोट ठेवलं. "राणीचा आवाज गेला. वैद्यानं सांगितलं, बोलायचं नाही. राणी जेवत नाही. नुसती दाराकडं बघत बसते."

तिकडून बारीक आवाज आला, "काईच नाई खाल्लं?"

"पेज खाल्ली थोडी."

"हेमगडात पेज कोनं केली?"

"एक बाई आहे. समुद्राकडची."

"बरी हाये ते बाई," बेबीबाई म्हणाल्या. मग, "पोरी, माह्यापाशी बी हाये ते बारावं पुस्तक. मांगच वाचून ठेवलं मी."

मी काकूंकडे बघितलं. काकू जमिनीकडे बघत होत्या.

"मंग?" बेबीबाई तिकडून. "थांबू नको. वाच. रानीले सांगजो, पोळ्याले सेलूले येजो म्हना. समुद्राकडच्या बाईले बी आनजो. अन् येताना वरवंटा घेऊन येजो. मिक्सरचं पुरन काई गोड लागत नाई."

फोन बंद झाला. हा निरोप राणीला द्यायचा की काकूंना, मला कळेना. काकू उठून आत गेल्या. मी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि खोलीत येऊन आडवी झाले.

थोड्या वेळानं दार धाडकन आपटलं. उठून बघितलं तर टेकण जागेवर नव्हतं. बाहेर नळाखाली उकिडव्या बसून काकू वरवंटा घासत होत्या, एका हातानं दुखरा गुडघा दाबत.