खर्जाचे शेंडे छाटले त्याची हकीकत

श्री नाददेवता प्रसन्न असो, ऐकणाऱ्यांचे कान शाबूत राहोत. शके १९३१, विरोधी नाम संवत्सरी, कोणे एके राज्यी, जेथील अंमल तलवारीवर नव्हे तर रेडिओच्या मनोऱ्यावर चालत असे, तेथे जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

त्या राज्यी नादाचा कारखाना वारुणीबाई टिपणीस यांचे स्वाधीन होता. बाई पदार्थविज्ञान शिकलेल्या, बोलणे थोडके, हात हलका. मनोऱ्याकडे जाणारा सर्व आवाज त्यांच्या यंत्रात येवोन खर्जापासोन टिपेपर्यंत पाच पट्ट्यांत वाटला जात असे, आणि कोणत्या पट्ट्यास किती जोर द्यावा हे बाई ठरवीत, मग पाचही एकत्र होवोन प्रजेच्या घरी पोहोचत. आणि सकाळच्या बातम्या कमळजाबाई सांगत असत. त्यांचा आवाज ऐसा की, माणसे घड्याळाकडे न पाहता त्या आवाजावर चहा उतरवीत. कमळजाबाईंस दुसरा धंदा नाही, दुसरा अभिमानही नाही. दोघींचे मैत्र फार.

तो शेजारच्या राज्याने नवा मनोरा उभारिला आणि त्यांचा आवाज मोठा वाजो लागला. महाराज क्रोधास आले. दरबारी रीत ऐसी होती की, आवाजाची परीक्षा महाराजांचे मोटारीतच व्हावी, इतरत्र होऊ नये. मोटारीस पाठीमागे नगाऱ्याएवढे स्पीकर बसविले होते. महाराज आत विराजमान जाहले, दिवाण अप्पाजीपंत शेजारी बसले, आणि आज्ञा जाहली, "खर्ज चढवा. दारे थरथरली पाहिजेत."

वारुणीबाईंनी अर्ज केला, "महाराज, आवाजास वर छत आहे, सर्व राज्यांनी कराराने घातलेले. त्याहून उंच लाट जात नाही. खर्ज फार चढविला तर यंत्र त्याचे शेंडे छाटते, आणि त्या छाटणीची खरखर माणसाच्या आवाजात मिसळते. मोटारीत ती गडगडाटाखाली झाकली जाते. प्रजेच्या घरी लहान रेडिओ. त्यांत खर्ज वाजतच नाही, खरखर तेवढी वाजते."

अप्पाजीपंत हसोन बोलिले, "बाई, प्रजेस काय ऐकू येते हे आता आपण महाराजांस शिकविणार? दारे थरथरली की कळवा."

मग खर्ज चढला, दारे थरथरली, दरबारी पेढे वाटले. फार दिवस गेले नाहीत तो प्रजेची पत्रे येवो लागली की, कमळजाबाईंचा आवाज फाटला, बाई थकल्या, आता पुरे करावे. महाराजांनी मोटारीत बसोन ऐकिले, तो बाईंचा आवाज अंमळ दबलेला वाटला. आज्ञा जाहली, "मधला पट्टा चढवा, बाईंस पुढे आणा." तोही चढला. परंतु छताखाली जागा होती तितकीच. दोन्ही पट्ट्यांची दाटी होवोन छाटणी वाढली, आणि पत्रेही वाढली.

तेव्हा वारुणीबाईंनी एके सकाळी कोणास न सांगता खर्ज उतरविला. त्या दिवशी कमळजाबाईंचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ गेला. आणि महाराजांची स्वारी नेमकी मोटारीतून निघाली होती. अप्पाजीपंत धापा टाकीत कारखान्यात आले.

"बाई, दारे मुकी का?"

"आज आवाज कसा होता, प्रजेस विचारावे."

"प्रजेस विचारून करावयाचे तर मग आम्ही कशास?" ऐसे म्हणोन पंतांनी आपल्या हाते खर्ज शेवटापर्यंत फिरविला आणि यंत्राच्या खोलीस कुलूप घातले. आणि त्याच संध्याकाळी कमळजाबाईंस शाल-श्रीफळ देवोन, घशाचे कारण दाखवोन, कामावरोन दूर करण्यात आले.

वारुणीबाई त्यांचे घरी गेल्या आणि सर्व उलगडोन सांगो लागल्या. कमळजाबाई म्हणाल्या, "समजूत काढू नकोस गं. दुपारी त्याच बातम्या पुन्हा लावतात ना, मी स्वयंपाकघरात स्वतः ऐकल्या. चिरकत होते मी."

"ते घशातून नव्हतं निघत. यंत्रातून निघत होतं."

कमळजाबाई हळूच बोलिल्या, "आणि यंत्र कोणाच्या हाती होतं, वारुणे?"

वारुणीबाईंनी लाट, छत, छाटणी, सर्व मनात पुन्हा मांडोन पाहिले. चहा आला तो निवाला, आणि त्या उठोन आल्या.

एकंदर हकीकत इतकीच की, राज्य मोठ्याने वाजले आणि महाराज संतुष्ट राहिले. कमळजाबाई पुढे शेजारणीशीही बेताने बोलत, पदर तोंडाशी धरोन. यंत्राच्या खोलीचे कुलूप तसेच राहिले, तरी वारुणीबाईंनी चाकरी सोडिली नाही. कमळजाबाईंचे जागी दुसरी आली, तिचाही आवाज फाटला, मग तिसरी आली. प्रत्येकीस वारुणीबाई पहिल्याच दिवशी सांगत की, दोष तुमच्या घशाचा नाही. एकीनेही ते मानिले नाही.