पलंगाचा स्पॉयलर

सुताराच्या ताईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि शनिवारी तिला घरी सोडायचं ठरलं, त्याच आठवड्यात सुताराने आपल्या पिकअपला पुढचा स्पॉयलर बसवला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुढे तपासणी कार्यालयाने जोडून दिला.

पिकअप साधी नव्हती. हौदा सुताराने स्वतः वाढवून घेतला होता, आतून सागवानी फळ्या ठोकल्या होत्या, त्यांना पॉलिश केलं होतं. एवढ्यावर तो थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण त्याला एक मेहुणा होता, आणि मेहुण्याचं गाडी सजवायच्या सामानाचं दुकान होतं. मेहुण्याने आधी गाडीचे पाटे उतरवून ती चार बोटं खाली बसवली, मग रुंद टायर घातले, आणि त्या बुधवारी गाडीपुढे उकिडवा बसून बराच वेळ जीभ चुकचुकवली.

"भावोजी, एक बोलू? सगळं झालं, पण बंपरला खालून कड नाही."

वर्मी घाव बसला. हवा कापली जाते, गाडी रस्त्याला चिकटून पळते, असलं काही ऐकून सुतार बधला नसता. कपाटं लादलेली त्याची गाडी चाळीसच्या पुढे कधी गेलीच नव्हती. पण कड! कडेला पट्टी न मारलेली फळी त्याने आयुष्यात गिऱ्हाइकाला दिली नव्हती. आपलीच गाडी इतकी वर्षं बिनकडेची फिरत होती, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारपर्यंत काम झालं. बंपर खोलला, सहा भोकं पाडली, पट्ट्या आवळल्या, काळाभोर फायबरचा स्पॉयलर नट-बोल्टने कसला. सुताराने टेप लावून पाहिली: जमिनीपासून बरोबर चार बोटं. दोन पावलं मागे जाऊन त्याने डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "आता गाडी पूर्ण झाली."

संध्याकाळी चौकात पोलिसाने शिट्टी मारली.

"पुढे काय लावलंय?"

"कड आहे, साहेब."

"मंजुरी?"

मंजुरी कडेला लागते हे सुताराच्या घराण्यात कुणाला माहीत नव्हतं. पोलिसाने गाडीच्या पुस्तकात लिहिलं: 'अनधिकृत जोडभाग आढळला. मंजुरी मिळेपर्यंत माल वाहू नये.' बुधवारची संध्याकाळ. आणि दुकानात ताईसाठी केलेला पलंग पॉलिश वाळत उभा.

हा पलंग म्हणजे सुताराचा जीव होता. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्याला वाढवलं. आता तिला जमिनीवर बसता येणार नव्हतं, खाली झोपता येणार नव्हतं, आणि घरातली तिची जुनी खाट गुडघ्याच्याही खालची. म्हणून त्याने नेमक्या उंचीचा, उशाकडून वर उचलला जाणारा, एकसंध पलंग केला होता. तो त्याच्या वाढवलेल्या हौद्यातच मावत होता. दोन भाड्याच्या गाड्या आल्या, पलंग मोजून परत गेल्या. खांद्यावरून न्यावा म्हटलं, तर चौकातला पोलीस म्हणाला, "एवढा मोठा माल रस्त्याने वाहनानेच न्यायचा. नियम आहे."

"मग काढूनच टाकतो ती कड," सुतार गुरुवारी सकाळी कार्यालयाच्या खिडकीशी म्हणाला.

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काढून कसं चालेल? नोंद झालीय. नोंदलेला भाग गाडीवर दिसला नाही तर तो गहाळ समजतात. गहाळ भागाची चौकशी वेगळी. दोन महिने धरून चाला."

"मग मंजुरी द्या."

"देऊ ना. गाडी भागासकट आत आणा."

सुतार उड्या मारत बाहेर गेला, गाडी घेऊन आला आणि फाटकातच थांबला. फाटकात गतिरोधक होता, वीतभर उंच. कट्टाच म्हणायचा. चार बोटांचा स्पॉयलर त्याला टेकला, करकरला आणि अडला. पहारेकऱ्याने समजुतीच्या सुरात खुलासा केला, "पूर्वी ब्रेक न लागणाऱ्या गाड्या थेट आत घुसायच्या. आता याच्यावर येऊन थांबतात. त्यामुळे ब्रेकची तपासणीही इथेच होऊन जाते."

तपासणी अधिकारी स्वतः फाटकापर्यंत आले. सज्जन माणूस. गतिरोधकाच्या आतल्या बाजूला उभे राहिले, स्पॉयलर बाहेरच्या बाजूला होता, मधे हातभर अंतर.

"साहेब, इथूनच बघा की. समोरच आहे."

"दिसतो," अधिकारी म्हणाले. "छान बसवलाय. पण माझी हद्द इथे संपते. बाहेर मी भाग पाहू शकतो, तपासू शकत नाही."

सुताराने खिशातून पाना काढला. बाहेरच सहा बोल्ट सोडवले, स्पॉयलर काखेत मारला, गाडी गतिरोधकावरून धाडकन आत आणली. अधिकाऱ्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली.

"या गाडीला तर अनधिकृत काहीच नाही. आलात कशाला?"

"हा काय भाग, साहेब. माझ्या हातात."

"हातात मंजुरी नसते. गाडीला लावलेल्या अवस्थेत दाखवा."

"आत्ता लावतो. पाच मिनिटं."

"आवारात बिनमंजुरीचा भाग बसवणं गुन्हा आहे," अधिकारी हळहळून म्हणाले. "बाहेर बसवून आत आणा."

सुताराने गतिरोधकाकडे पाहिलं, अधिकाऱ्यांकडे पाहिलं. रडावं की हसावं त्याला कळेना. आतापर्यंत भिंतीला टेकून उभा असलेला मेहुणा पुढे झाला. हा उंटावरचा शहाणा. खाली उतरायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. "साहेब, नुसत्या स्पॉयलरचाच स्वतंत्र अर्ज केला तर?"

आणि नेमकं तेच नियमात बसत होतं.

अर्ज मात्र एकाच नमुन्याचा छापलेला होता: 'वाहन नोंदणी व तपासणी'. बाईंनी शुक्रवारी तो मन लावून भरला. चाके: शून्य. आसने: शून्य. इंधन: लागत नाही. मग स्पॉयलर तपासणीच्या चौथऱ्यावर ठेवण्यात आला. धूर: आढळला नाही. कर्कश हॉर्न: नाही. ब्रेक: ढकलून सोडले असता वाहन जागीच थांबले. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर येतो का: येत नाही. अधिकाऱ्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "सोळा वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष वाहन मी पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता.

स्पॉयलरला नंबर मिळाला, पाटी मिळाली, स्वतःचं पुस्तक मिळालं. 'माल वाहण्यास परवानगी: आहे.' शेवटचा रकाना होता 'जोडभाग'. बाईंनी खिडकीतून डोकावून आवारात उभ्या गाडीकडे पाहिलं आणि लिहिलं: 'एक पिकअप. मंजुरी प्रलंबित.'

"म्हणजे?" सुताराने विचारलं.

"म्हणजे स्पॉयलर तुम्ही आज घेऊन जा. पिकअप इथेच राहील. तिची मंजुरी झाली की कळवू."

नाकापेक्षा मोती जड, एवढंच आपण आजवर ऐकलं होतं. इथे मोती घरी चालला होता आणि नाक जप्त झालं होतं.

शनिवार उजाडला. ताईला दवाखान्यातून सोडल्याचा निरोप आला. सुतार दुकानात पलंगापाशी बसून होता. बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. ताई घरी जाऊन खुर्चीत ताटकळणार, दुखत असूनही 'माझं काही नाही रे' म्हणणार, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. एका कडेपायी!

मेहुणा मात्र पाटी लावलेल्या स्पॉयलरकडे टक लावून पाहत होता. "भावोजी, पोलीस काय म्हणाला होता? माल वाहनानेच न्यायचा, ना?"

"हो."

"मग हे काय आहे?"

पाच मिनिटांत स्पॉयलर पलंगाच्या पायथ्याला कसला गेला. पुढे सुतार आणि मेहुणा, मागे दुकानातले दोन कारागीर, असं वाहन रस्त्याला लागलं. चौकात पोलिसाने शिट्टी मारली, पाटी पाहिली, पुस्तक पाहिलं, शिक्के मोजले. सगळं चोख. त्याने पलंगाभोवती एक चक्कर मारली आणि कर्तव्यात कसूर नको म्हणून पुस्तकात लिहिलं: 'जोडभाग: एक पलंग. बसवलेल्या अवस्थेत आढळला.' मग सलाम ठोकला.

"वळताना तेवढा हात दाखवत जा," तो म्हणाला.

मेहुण्याने हात दाखवला आणि वाहन उजवीकडे वळलं.

ताई तासाभरापासून खुर्चीत बसून होती. चेहरा उतरलेला, ओठ घट्ट मिटलेले. तिला सावकाश पलंगावर घेतलं, उशाकडची बाजू वर उचलली, तेव्हा तिने डोळे मिटून एवढा मोठा श्वास सोडला की सुताराचे डोळे भरून आले. मग ताईने डोळे उघडले आणि पायथ्याकडे पाहिलं.

"हे काय रे काळं?"

"स्पॉयलर. हवा कापतो, ताई."

"पलंग कुठे जाणार आहे का?"

"नाही."

"मग हवा कशाला कापायची?"

सुतार मान खाली घालून म्हणाला, "कड बरी दिसते."

"तुझ्या वह्यांना समास मीच आखून द्यायचे," ताई म्हणाली. "तेव्हाच हात आवरायला हवा होता. काढून टाक ते. पाय लागतो."

"काढता येणार नाही, ताई. आता नोंद झालीय."

ताईने भावाकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, आणि दुखऱ्या खुब्याला जपत पाय आखडून घेतले. दोन महिने ती तशीच झोपली.

त्या दोन महिन्यांत भेटायला खूप माणसं आली. प्रत्येकाने दारातून विचारलं, "आता कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकायच्या आत पायथ्याशी वाकून दुसरा प्रश्न विचारला, "कुठून घेतला?" शेजारणीला लाल हवा होता. गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी पलंग तर पलंग, आरामखुर्चीलाही एक बसवून घेतला. मेहुण्याने दुकान वाढवलं. सुताराकडे तर आता बिनस्पॉयलरचा पलंग कुणी मागतच नाही. तोही मागणीप्रमाणे करतो, आणि कड लावताना अजून दोन पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करतो. पिकअपची मंजुरी अद्याप आलेली नाही. हौद्याच्या पॉलिशवर पहारेकरी डबा खातो.

कार्यालयाने जनतेची सोय पाहून पलंगांसाठी वेगळी खिडकी उघडली आहे. ज्यांच्या पलंगाला स्पॉयलर आहे त्यांनी मंजुरी घ्यायची. ज्यांच्या पलंगाला नाही त्यांनी तो नसल्याचा दाखला घ्यायचा. त्यासाठी पलंग प्रत्यक्ष आत आणावा लागतो. रांग सकाळपासून फाटकाबाहेर जाते. रांगेतले लोक पुढच्याच्या पलंगाकडे बघतात, मग आपल्या, आणि मग मेहुण्याच्या दुकानाचा पत्ता विचारतात.

ही गोष्ट आपण पडल्या पडल्या वाचत असाल आणि सुताराला हसत असाल, तर जरा पायथ्याकडे नजर टाका. तिथे काही नाही ना? दाखला आहे?