नऊशे बारा मीटरच्या पुढे

"आज माझी गाडी नऊशे बारा मीटरवर थांबणार नाही म्हणजे नाही! लिहून घ्या!" घर्षणरावांनी सकाळी सकाळी अख्ख्या प्रयोगशाळेला बजावलं. कुणी काही लिहून घेतलं नाही. गेली दोन वर्षं ते रोज काही ना काही लिहून घ्यायला सांगत होते.

घर्षणराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मोटारींच्या कारखान्यातल्या संशोधन विभागात होते. पेट्रोल जळून निघालेली ताकद सगळीच्या सगळी चाकांपर्यंत पोचत नाही, त्यातली बरीच गिअरबॉक्समध्ये दात्यांच्या घासाघाशीत आणि जाड तेल घुसळण्यात वाया जाते, या दुःखाने त्यांना रात्रीची झोप नव्हती. त्यावर त्यांनी पातळ तेल शोधलं होतं. आज त्याची परीक्षा.

परीक्षा सोपी. कारखान्यामागच्या सपाट, सरळ रस्त्यावर गाडी साठच्या वेगाला न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि हातपाय आवरून बसायचं. आपोआप थांबेल तिथे रेघ मारायची. जुन्या तेलावर गाडी नऊशे बारा मीटर जायची. विभागप्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "वीस मीटर तरी जास्त गेली पाहिजे. नाहीतर प्रकल्प बंद, आणि सोमवारपासून तुम्ही गोदामात, नटबोल्ट मोजायला."

घर्षणराव गाडीत बसले. काचा बंद, कारण वाऱ्याने हिशेब बिघडतो. मागची सीट यंत्रांच्या पेट्यांनी छतापर्यंत भरलेली. साठचा वेग आला, गाडी न्यूट्रलमध्ये गेली, आणि त्यांनी डोळे जे आकड्यावर खिळवले ते खिळवलेच.

चाळीस... वीस... दहा... पाच.

आणि पाचवर आकडा थांबला! मग सहा झाला!

घर्षणरावांच्या अंगावर काटा आला. गाडी मरता मरता उठून चालायला लागली होती! हजार मीटर झाले, बाराशे झाले, रस्ता संपला तेव्हा त्यांनी नाइलाजाने ब्रेक दाबला आणि फोन लावला.

"बाई, घर्षण संपलं!"

"कमी झालं म्हणा."

"संपलं! उलटं झालं! गाडी आपली आपण वेग घेतेय!"

अर्ध्या तासात बाई हजर. सोबत संचालक, आणि त्यांच्या सोबत मान डोलवायला चार जण. घर्षणराव पुन्हा निघाले. फोन चालूच होता.

"पाच झाला... आता बघा हं... सहा! दिसतंय ना, बाई?"

"दिसतंय."

"कसं वाटतंय?"

"माणुसकी आहे अजून जगात."

"अं?"

"थांबा, आणि खाली उतरून मागे बघा."

घर्षणराव उतरले. गाडीच्या मागे सहा वॉचमन घामाघूम होऊन उभे होते. त्यांच्या म्होरक्याने सलाम ठोकला. त्याची फाटकावरून इकडे कालच बदली झाली होती.

"साहेब, सकाळी आम्ही दोघंच होतो, फार दम लागला. म्हटलं, आता मोठी माणसं बघताहेत, साहेबांची गाडी परत बंद पडली तर शोभा व्हायची. म्हणून चौघांना बोलावून घेतलं."

"अहो, पण सांगायचं तरी!"

"काच वाजवली ना! तुम्ही आकड्याकडे बघून हसत होता."

संचालक हातरुमालात तोंड खुपसून खोकत होते. घर्षणरावांच्या डोळ्यांसमोर गोदाम उभं राहिलं. रांगेने बरण्या, बरण्यांत नटबोल्ट.

"आता एकदाच," बाई म्हणाल्या. "सगळे वॉचमन माझ्याजवळ. हात मागे!"

तिसऱ्यांदा गाडी निघाली. दहा. पाच. तीन. घर्षणरावांनी श्वाससुद्धा रोखून धरला, त्याचंही घर्षण नको! दोन. एक. गाडीने एक आळस दिल्यासारखं केलं आणि ती थांबली. बाईंनी स्वतः फीत धरून मापलं. पुन्हा मापलं.

"नऊशे चौतीस."

"म्हणजे..."

"बावीस जास्त. प्रकल्प चालू. आणि खाली बसू नका, रस्ता तापलाय."

पण घर्षणराव बसले होते. रस्त्यावरच, फतकल मारून. वॉचमननी पाणी आणलं. त्यातलं अर्धं ते प्यायले, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि लहान मुलासारखे हसायला लागले. गोदाम टळलं होतं! मग त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, जमलं! गाडी बावीस मीटर पुढे गेली!"

"म्हणजे?" बायकोने विचारलं. "पूर्वी थांबायची तिथे आता थांबत नाही?"

"नाही ना!" घर्षणराव अभिमानाने म्हणाले.

पलीकडे बायकोने उसासा टाकला.

"मग मनाला लावून घेऊ नका हो," ती मायेने म्हणाली. "होईल दुरुस्त."