आनंदाच्या तासाची दुसरी घंटा

आनंदी असल्याशिवाय मूल शिकू शकत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे. आणि जे शास्त्राने सिद्ध होते त्याचे परिपत्रक निघते. या परिपत्रकानुसार पहिलीच्या वर्गात रोज सव्वादहा ते पावणेअकरा 'आनंद' सुरू करण्यात आला. (त्याआधी मुले हसत नव्हती असे नाही, पण त्याची नोंद नव्हती.)

पद्धत सोपी होती. पहिली घंटा झाली की मुलांनी बटणे मोजावीत, मणी ओवावेत, अक्षरे गिरवावीत, आणि ते करताना हसावे. दुसरी घंटा झाली की थांबावे. बाईंनी वहीत श्रेणी लिहायची. दात दिसले तर 'अ', नुसते ओठ ताणले तर 'ब', हसू येता येता राहिले तर 'प्रयत्न सुरू आहे', आणि काहीच नसेल तर 'निरंक'. पहिलीतल्या चौतीस मुलांपैकी एकोणिसांचे पुढचे दात पडलेले असल्याने सुरुवातीला अडचण आली. मोठ्या सरांनी लेखी खुलासा केला की दाताची जागा दिसली तरी दात धरावा.

बाईंना पहिलीचा सतरा वर्षांचा अनुभव होता. नाक पुसणे, बुटाची नाडी बांधणे आणि 'ळ' शिकवणे ही तिन्ही कामे त्या एकाच वेळी करू शकत. पण आता एका हातात वही आली, त्यामुळे बरीच नाके वाहती राहिली. निकाल मात्र झकास लागला. तिसऱ्या आठवड्यात तेहतीस मुले घंटेसरशी हसू लागली. एक मुलगा तर मैदानात गुडघा फुटल्यावर भोकाड पसरायच्या बेतात होता, तेवढ्यात घंटा झाली आणि तो हसला. (सरांनी त्याचा फोटो व्हरांड्यात लावला आहे.)

राहिली एक चौतिसावी. वर्गात तिला सगळे 'आठी' म्हणत. तिची आई शिवणकाम करायची, आणि घरून आलेला बटणांचा डबा हा आठीचा जीव की प्राण होता. बटणे मोजताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची आणि कपाळावर मोठ्या माणसासारखी आठी पडायची. चार भोकांची सहा बटणे म्हणजे चोवीस भोके, हे तिने कोणी न विचारता शोधून काढले होते. बाईंनी वहीत लिहिले : ज्ञान उत्तम, आनंद निरंक.

"अगं, जरा हस ना," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"आनंदाचा तास आहे ना आपला."

"मी मोजतेय, बाई. तुम्ही मध्ये बोललात. आता परत पहिल्यापासून."

नियम असा होता की सलग तीन महिने 'निरंक' आल्यास मुलाला पुरेसा आनंद साठेपर्यंत, म्हणजे वर्षभर, बालवर्गात परत पाठवावे. आठीचे दोन महिने भरले होते. बाईंना रात्री डोळा लागेना. ही पोर पुन्हा वर्षभर रंगीत ठोकळे चोखणाऱ्यांत बसणार! शेवटी आईला बोलावणे धाडले.

"घरी हसते का हो ही?"

"हसते की! चांगली खदखदून हसते. पण काही झालं तर."

"काही झाल्यावर कोणीही हसेल," मोठे सर समजुतीने म्हणाले. "आपल्याला नियमित हवंय."

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तपासनीस साहेब आले. अधिकाऱ्याने मुलांच्या पातळीवर यावे असे परिपत्रकात असल्याने ते मुलांच्याच एका खुर्चीत बसले. खुर्चीला दोन्ही बाजूंना हात होते. साहेब आत गेले ते थोडे श्वास रोखूनच. पहिली घंटा झाली. तेहतीस चेहरे फुलले.

साहेबांनी बाकावर बटणे मांडली. "ही दहा बटणं. तीन काढली, तर किती उरली?"

तेहतीस जण हसत राहिले. आठीने बटणांकडे पाहिले, कपाळाला आठी घातली.

"आठ."

"चूक."

"दहा नाहीयेत. अकरा आहेत. मोजा."

साहेबांनी मोजली. मग बोट लावून मोजली. अकराच होती. त्यांनी नोंद केली : 'उत्तर बरोबर. आनंद निरंक.' बाईंचा चेहरा पडला. इतक्यात शिपायाने दुसरी घंटा दिली आणि तेहतीस चेहरे मिटले.

साहेब उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. ते फळ्यापर्यंत गेले, तीही गेली. मोठ्या सरांनी मागून खुर्ची ओढली, साहेबांनी पुढून बाक धरला. वर्ग समोर बघत शांत बसला होता, कारण घंटा झालेली होती.

आणि आठीच्या कपाळावरची आठी हळूहळू पुसली गेली. मग ती हसली. पोट धरून, बाकावर डोके टेकून, डबा लवंडून हसली. बटणे घरंगळत पार साहेबांच्या बुटांपर्यंत गेली. बाईंनी वही तोंडासमोर धरली, पण त्यांचे खांदे हलत होते.

अहवाल त्याच दिवशी लिहिला गेला. 'एका विद्यार्थिनीत आनंद आढळला. परंतु तो घंटेनंतरचा असल्याने ग्राह्य धरता येत नाही.'

"सर, हसली ना ती! तुमच्या डोळ्यांदेखत हसली!" बाई कधी नव्हे ते तावातावाने बोलल्या.

"मी खुर्ची ओढत होतो, बाई. साक्ष कशी देऊ?"

बाईंनी परिपत्रक मागून घेतले आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले. (असे करणाऱ्या त्या पहिल्याच.) कलम एकोणीस : शिक्षकच अवेळी हसल्यास त्यास व सोबत हसलेल्या विद्यार्थ्यास मधल्या सुट्टीत वर्षभर आनंदवर्ग द्यावा, अशा विद्यार्थ्यास अन्यत्र पाठवू नये.

"मग माझंही नाव लिहा," बाई म्हणाल्या. "मीही हसले. तिच्यापेक्षा जास्त."

आठी पहिलीतच राहिली. बाईंची मधली सुट्टी तेवढी गेली. आता रोज रिकाम्या वर्गात दोघी समोरासमोर बसून बटणे मोजतात, दोघींच्या कपाळाला आठ्या. काल आकडा पाचशेच्या पुढे गेला. आनंदवर्गाच्या नोंदवहीत अद्याप निरंकच आहे.

खुर्चीच्या प्रसंगी वाचकांपैकीही काही जण हसल्याचे कळते. त्या वेळी दुसरी घंटा होऊन गेली होती, हे वर स्पष्ट लिहिले आहे. आनंदवर्गात बत्तीस जागा रिकाम्या आहेत. येताना बटणे आपापली आणावीत.