बनाबाईच्या खाचरातला दगड

सरकारकडून उत्तर काढावं तर ते मीच! विहिरीत पडलेली घागर गळ टाकून वर ओढावी, तशी मी कचेरीच्या पोटातून माहिती ओढून काढतो, असं मी चावडीवर छाती ठोकून सांगत असे. सातवी पास माणूस, अक्षर टपोरं. मार्गासनीपासून वरच्या वाड्यांपर्यंत कुणाला काही विचारायचं असलं की लोक म्हणत, "सावळारामाकडं जावा."

अडुसष्ट सालची गोष्ट. आषाढ चालू होता. वेल्ह्याकडचं आषाढातलं धुकं तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो, भाकरीचा तुकडा मोडून तोंडाकडे न्यावा तर तो वाटेत हरवतो! आपलीच बायको समोरून आली तरी आधी हाक मारून खात्री करावी लागते. अशा धुक्यात आमची वाडी काही दिवस घरातच कोंडून बसली होती. धुकं जरा विरलं आणि पाहतो तर काय, बनाबाईच्या भातखाचराच्या मधोमध एक दगड उभा!

गुडघ्याएवढा. चारी बाजूंनी घडवलेला. माथ्यावर छिन्नीनं कोरलेल्या तीन रेघा, पाखराचं पाऊल उमटावं तशा. कुणी रोवला, कधी रोवला, कुणाला ठाऊक नाही. चिखलात माणसाचं पाऊलही नाही. शेजारच्या ठकुबाईनं वाकून त्या तीन रेघा पाहिल्या आणि किंचाळलीच, "अगं बया! तिरशूळ हाय!" दुपारच्या आत दगड शेंदरानं लालभडक झाला.

इकडे बनाबाईचा जीव टांगणीला. तिचं खाचर ते एवढंच. तरव्याच्या वाफ्यातलं रोप वाढून शेंड्याला पिवळं पडत चाललेलं. लावणी आणखी लांबली तर वर्षाचं भात गेलं.

"सावळारामभावजी," ती म्हणाली, "ह्यो धोंडा कुनाचा, येवढं इचारून या. सरकारचा असंल तर त्येच्या भवतीनं लावते. आन द्येवाचा असंल तर..."

ती थांबली. आणि सांगायला आज हसू येतं, पण त्याच वेळी खाचरातले बेडूकही ओरडायचे थांबले.

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणालो. "उद्याच्या एसटीनं भोर. संध्याकाळी उत्तर!"

कचेरीचं नाव सांगत नाही. अजून मला त्या रस्त्यानं जावं लागतं. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "आमचे दगड गोल असतात. तुमचा चौकोनी आहे. पुढच्या टेबलावर जा."

पुढचं टेबल म्हणालं, "चौकोनी आमचेच. पण आम्ही शेंदूर लावत नाही."

"शेंदूर आम्ही लावला हो, साहेब!"

"मग तुमचाच झाला की!"

तिसरं टेबल जिन्याखाली, अंधारात. तिथले कारकून इतके बारीक आवाजात बोलत, की फायलीच कुजबुजताहेत असं वाटावं. त्यांनी एक भला मोठा नकाशा उलगडला. बोट फिरवत फिरवत आमच्या वाडीपर्यंत आणलं. आणि बोट थांबलं.

"कुठलं खाचर म्हणता?"

"बनाबाईचं. ओढ्याच्या अलीकडचं."

"तिथं खाचर नाही. तिथं पाणी आहे."

"व्हय, लावणीपुरतं साचवलंय."

"तसलं नाही हो. मोठं पाणी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... अजून नाही. यायचं आहे."

मी नकाशावर वाकलो. "कधी?"

त्यांनी नकाशा सटकन गुंडाळला. "मी दाखवला नाही. तुम्ही पाहिला नाही. तुमचे घरचे सगळे बरे आहेत ना?"

या शेवटच्या प्रश्नानं मी जो घाबरलो, तो थेट एसटीत जाऊन बसलो. छत्री कचेरीतच राहिली. ती अजून तिथंच असेल, तिचीही चौकशी मी केली नाही.

वाडीत सगळे वाट पाहत उभे. "काय म्हनलं सरकार?"

"म्हणाले, तिथं पाणी आहे. मोठं पाणी. अजून यायचं आहे."

मग गेनबा भगतानं कानाची पाळी धरली. "आरं, मग ह्यो तिरशूळ न्हवं. पान्यातल्या आसरा हायत्या! पान्याच्या बाया! त्या आधी दगूड धाडत्यात, मागनं पानी घिऊन येत्यात."

झालं! मी गेलो होतो दगडाचं नाव विचारायला आणि घेऊन आलो पाण्याच्या बाया! त्या दिवसापासून पोरं ओढ्याकडे जाईनात, म्हशी खाचराच्या बांधावर पाय टाकीनात. ठकुबाईनं तर धुणं आपटता आपटता मला सुनावलं, "गप घरी बसायचं सोडून कशाला गेला व्हता इचारायला? न्हाई इचारलं तवर नुसता धोंडा व्हता!"

बनाबाई मात्र रोपाकडे पाहत राही. शेवटी तिनंच पदर खोचला. "सरकार सांगंना, तर धोंड्यालाच इचारू. गेनबादा, कौल लावा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे खाचरावर जमलो. दुपार कसली! धुकं असं उतरलेलं, की माणसं नुसती हलणारी घोंगडी वाटत होती. गेनबानं जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून दगडाच्या दोन बाजूंना चिकटवल्या. "उजवी पडली तर लावनी. डावी पडली तर खाचार आसरांचं. आन त्यांच्या कौलाकडं समद्यांनी पाठ करायची. बगायला येकच मानूस."

"कोण?" मी विचारलं.

"इचारन्यात तूच हुशार न्हवं का?"

सगळ्यांनी पाठी फिरवल्या. दगडासमोर मी एकटा, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. गेनबा पुटपुटू लागला. बेडूक गप्प. वारा गप्प. माझ्या घोट्याला काहीतरी गार, गुळगुळीत चाटून गेलं. मासा असेल. मासाच असेल! पण मग दगडाच्या मागून, धुक्यात, कुणीतरी ओल्या बांगड्या किणकिणवल्या.

"पडली का?" बनाबाईचा आवाज. तिच्या हातात रोपाची मूठ होती.

मी दगडाकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या खाली, पाण्यावर शेजारी शेजारी तरंगत होत्या!

"उजवी आधी का डावी?" गेनबा ओरडला. "सांग की! तूच बगत व्हतास!"

आता काय सांगू? मंडळी, त्या बांगड्या वाजल्या तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. सगळी वाडी माझ्याकडे वळली. बनाबाईचं वर्षाचं भात माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल?

"लेखी अर्ज द्या."

बनाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "देते. भात कापून झालं की देते!" असं म्हणून ती खाचरात उतरली आणि दगडाच्या अगदी लगत तिनं पहिली मूठ रोवली. काही झालं नाही. मग ठकुबाई उतरली, मग बाकीच्या बाया. वाकलेल्या पाठींची रांग धुक्यात शिरली आणि बनाबाईनं ओवी धरली:

"मूठ मूठ रोप बाई, चिखलात मी रोविते..."

दुसरी ओळ आली ती रांगेतून नव्हे. ती आली दगडाच्या पलीकडून, जिथं कुणीच नव्हतं. गळा गोड होता, ओला होता:

"कुन्या वाटेनं गं गंगा, माज्या दारी येऊ पाहते..."

बाया हात न थांबवता पुढे सरकत राहिल्या. ठकुबाईनं हळूच मान वर केली आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली, जा, विचारून ये!

मी चपला हातात घेतल्या आणि घरी निघालो. काही माहिती माणसानं आपणहून येऊ द्यावी.