चोत्तो मासळी

अंजनाबाईने जपानी बाईच्या दारात पाटी उतरवली, सुरमईच्या तुकड्यांवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि म्हणाली, "घे बाये, ताजी हाय!"

जपानी बाईने वाकून सुरमई पाहिली. मान जराशी तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि हळूच म्हणाली, "चोत्तो..."

"छोटा पायजे? उद्या आनते."

त्या वर्षी अंधेरीच्या एका कारखान्यात जपानी यंत्रं बसत होती. ती बसवणारा इंजिनियर बायकोसह वर्सोव्याच्या रस्त्यालगत एका बंगलीत राहायला आला होता. बायकोचं नाव सुमिए. गल्लीने तिची सुमीबाई केली. जपानी माणूस मासळीवरच जगतो, असं ऐकून कोळीवाड्यात खळबळ उडाली, आणि अंजनाबाईने भर बाजारात शेजारी मासळी विकणाऱ्या कृष्णाबाईला सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत ती माझी कायमची गिऱ्हाईक नाय झाली, तर ती अख्खी गल्ली तुझी!" त्या गल्लीत मासळी विकायचा मान अंजनाबाईच्या सासूपासून चालत आलेला होता. बोलून गेल्यावर तिला ते आठवलं, पण कोळणीचा शब्द परत घ्यायचा कसा?

दुसऱ्या दिवशी तिने पापलेट नेलं, कापून, साफ करून. "चोत्तो..." मग बोंबील. "चोत्तो..." मग मांदेली, तीसुद्धा घरून डोकी मोडून, धुऊन. सुमीबाईने कमरेत वाकून माफी मागितल्यासारखं केलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

"आता जवळाच उरला," अंजनाबाई बाजारात कपाळाला हात लावून म्हणाली.

"त्याच्याहून छोटा पायजेल तर नुसतं पानी ने गो!" कृष्णाबाई खिदळली.

दिवाळी तोंडावर आली होती. अंजनाबाईने पदर खोचला आणि शेजारच्या गावठाणातल्या हर्बर्टचं घर गाठलं. हर्बर्ट बोटीवर स्वयंपाकी होता आणि जपानला पुष्कळदा जाऊन आला होता.

"चोत्तो म्हंजे 'जरासं'," हर्बर्ट म्हणाला. "जपानी मानूस तोंडावर नाय म्हनत नाय. 'जरासं...' म्हनतो आनि गप बसतो. बाकीचं आपन समजायचं."

"म्हंजे इतके दिस ती मला नाय म्हनतेय?"

"लय अदबीने."

"मग का नाय, ते इचारायचं कसं, हर्बर्टदादा? पन अदबीने हां. माझी गल्ली जाईल."

हर्बर्टने डोळे मिटून आठवलं. "'ओई! नान्दा यो?' असं म्हन. योकोहामाच्या धक्क्यावरचा मुकादम मला रोज असंच इचारायचा."

"अदबीचंच हाय ना?"

"एवढा मोठा मुकादम! तो काय बिनअदबीचं बोलेल?"

अंजनाबाईला लिहिता येत नव्हतं. तिने ते शब्द मासळी कापता कापता, कोयतीच्या घावागणिक पाठ केले. रविवारी सुमीबाईच्या दारात पाटी ठेवली आणि बाजारातला आवाज लावला, "ओई! नान्दा यो?"

जपानीत त्याचा अर्थ साधारण असा होतो: "ए! काय कटकट आहे?" सुमीबाईचा हात तोंडावर गेला. आत तिचा नवरा पेपर वाचत होता. तो एकेकाळी आरमारात होता. पेपर टाकून तो धावत आला, दारात ताठ उभा राहिला आणि ओरडला, "हाय!" म्हणजे जपानीत 'हो, साहेब!'

मग हुकूम कुणी दिला ते त्याला दिसलं आणि हसता हसता तो पायरीवरच बसला. डोळे पुसत मोडक्या हिंदीत म्हणाला, "मच्छी अच्छा. सर किधर?"

"सर? डोकी? ती मी मांजरांना टाकते!"

डोळे पाहिल्याशिवाय मासा ताजा कसा मानायचा, एवढाच सुमीबाईचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी डोक्याशेपटीसकट आलेलं पापलेट तिने दोन्ही हातांनी उचलून घेतलं. मग रोज एक आणायला खुणेने सांगितलं. दिवाळीच्या आतच अंजनाबाई पैज जिंकली होती.

पण आता सुमीबाईलाही एक अडचण होती. कारखान्याच्या मालकीणबाई जेवायला येणार होत्या. त्यांचं स्वागत मराठीतून, अगदी अदबीने करायचं होतं. अंजनाबाईने तिला मन लावून शिकवलं. सख्ख्या बहिणीला ती ज्या शब्दांनी घरात घेई, तेच शब्द.

मालकीणबाई आल्या. पार्ल्याच्या क्षमाबाई, इस्त्रीची साडी, इस्त्रीचं बोलणं. सुमीबाई कमरेत वाकली आणि मधाळ आवाजात म्हणाली, "काय गो बाये, मेली व्हतीस का इतके दिस?"

स्वयंपाकघरात मासळी तळणाऱ्या अंजनाबाईचा कालथा जागीच थांबला. गेलं गिऱ्हाईक, गेली गल्ली!

"हे... हे आपल्याला कुणी शिकवलं?" क्षमाबाईंनी विचारलं.

सुमीबाईने मोठ्या आदराने दोन्ही हात स्वयंपाकघराकडे केले. क्षमाबाई आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"चुकलं बाईसाहेब," अंजनाबाई पुटपुटली.

"काय चुकलं गो? माझं माहेर अलिबागचं. तिथून निघाल्यापासून मला असं कुणी इचारलंच नाय. पार्ल्यात सगळे 'कशा आहात' म्हणतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत." क्षमाबाईंनी तव्यावरचा तुकडा हातानेच उचलला. "उद्यापासून आमच्याकडे पण ये. मासळी थोडी आणलीस तरी चालेल. तोंड मात्र घेऊन ये."

अंजनाबाई रोज जाऊ लागली. सकाळ सुमीबाईच्या ओट्यावर, दुपार पार्ल्यात. चहावर चहा, बोलण्यावर बोलणं. गल्लीतल्या बाकीच्या बायका ताटल्या घेऊन दारात ताटकळायच्या. शेवटी त्यांनी कृष्णाबाईला हाक मारली.

पैज अंजनाबाईने जिंकली, आणि गल्ली कृष्णाबाईला मिळाली.